आईच्या दंडात पिक लाईन (केमोची औषधं देण्यासाठी शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी) ठेवून घरी सोडलंय, आम्ही पेडण्यात राहतो. कशी सांभाळायची?

दर 7 दिवसांनी ड्रेसिंग बदलणं आणि सलाईनने फ्लश करणं (सिरिंजने सलाईन सोडून नळी आतून धुणं), हे चुकवू नका. केमो नसलेल्या आठवड्यातसुद्धा. दर वेळी बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठणं जमत नसेल तर जवळच्या दवाखान्यातली नर्स करू शकते, पण पिक लाईनची सवय आहे का, ते तिला आधी स्पष्ट विचारा. सिरिंज 10 मिलीचीच. छोटीने दाब जास्त पडतो, लाईन फाटू शकते.

आमच्या बाबांना सहा महिने होती. खरा वैताग घामाचा! म्हापशाहून बसने घरी येईपर्यंत ड्रेसिंगची कड सुटलेली असायची. कड सुटली किंवा ओली झाली की सात दिवस मोजत बसू नका, लगेच बदलून घ्या. आंघोळीला दंडावर प्लास्टिक गुंडाळा. त्या हातावर बीपी नको, सुई नको, विहिरीचं पाणी ओढणंही नको (बाबा ऐकायचे नाहीत, ते वेगळं).

ताप 100.4 च्या वर गेला, फ्लशनंतर हुडहुडी भरली किंवा हात सुजला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच 108 ला फोन लावा.