संख्याशास्त्रात एम.एस्सी. करू इच्छिणाऱ्यास

नाशिकमध्ये बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातच तुम्ही एम.एस्सी.च्या तयारीची चौकशी केलीत, हे उत्तम झाले. सध्या कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता एवढेच पक्के करावे. कारण ‘जॅम’ या आयआयटी आदी संस्थांतील एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या परीक्षेतील गणितीय संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका असो वा भारतीय सांख्यिकी संस्थेची एम.स्टॅट. या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा, सूत्रे पाठ असूनही ती कोणत्या अटींवर लागू पडतात हे न उमगलेले विद्यार्थी तेथेच अडखळतात. ‘जॅम’च्या एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात, संख्यात्मक उत्तरांच्या प्रश्नांत नाही, हे सरावात ध्यानी ठेवावे. पायथन ही संगणकभाषा शिकण्याच्या उत्साहात गणित मागे पडणे ही तर नित्याची चूक! अभ्यासक्रम निवडताना नावापेक्षा ऐच्छिक विषय पाहावेत. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यातल्या त्यात जवळ आहे, तेथील विद्यार्थ्यांशी प्रत्यक्ष बोलून यावे.