मातीवरची काळी रेघ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : व्हिएन्नाच्या गुबगुबीत बाळांच्या मूर्तींचे फोटो पाहिले. अंग पांढरं, त्यावर काळ्या रेघा, रंग फक्त हातातल्या फुलांना. काम अर्धवट राहिलं का?

उत्तर : नाही, ते तसंच हवं होतं. मिखाएल पोवोल्नी आणि बर्टोल्ड ल्योफ्लर यांनी १९०६ मध्ये ‘वीनर केरामिक’ ही कार्यशाळा काढली. पोवोल्नी हा घरं उबदार ठेवणाऱ्या मातीच्या शेगड्या घडवणाऱ्याचा मुलगा, त्यामुळे माती लहानपणापासून हाताखालची. ल्योफ्लर चित्रकार, पोस्टरं करणारा. एकाचा घाट आणि दुसऱ्याची रेघ, अशी ही जोडी जमली. त्याच शहरात वास्तुकार योसेफ हॉफमन काळ्या-पांढऱ्या चौकटींनी फर्निचर आणि भांडी सजवत होता. तीच शिस्त या मूर्तींवर उतरली. पांढऱ्या झिलईवर, म्हणजे मातीवर भाजून बसवलेल्या काचेसारख्या थरावर, काळी रेघ ओढली की केसांचं वळण, हारातलं पान असं सगळं लांबूनही सुटं दिसतं. अंगालाही रंग दिला असता तर फुलं हरवली असती. पोवोल्नीची चार ऋतूंची बाळं शेजारी शेजारी ठेवून पाहा. वसंताची फुलं, शरदाची द्राक्षं, आणि ऋतू सांगायला रंग लागतो तो एवढ्यापुरताच.

प्रश्न : हे व्हिएन्नाच्या जुन्या पोर्सिलेन कारखान्यातच बनायचं का?

उत्तर : नाही. तो कारखाना १७१८ चा, आणि १८६४ मध्ये तो बंदही पडला होता. शिवाय पोर्सिलेन वेगळं आणि ही झिलई दिलेली भाजकी माती वेगळी.

प्रश्न : ‘वीनर केरामिक’च्या फरश्यांनी सजलेल्या व्हिएन्नातल्या कॅबरे फ्लेडरमाउस या रंगमंचाच्या भिंती आज बघायला मिळतात का?

उत्तर : दुर्दैवानं नाही, आणि ही हळहळ माझ्या मनातून जात नाही. १९०७ मध्ये केर्न्टनर श्ट्रासजवळ उघडलेल्या या रंगमंचाच्या बारमध्ये सुमारे ७,००० फरश्या बसवल्या होत्या. आकार लहानमोठे, रंग नाना तऱ्हेचे, मधूनमधून चित्रं. पायाखाली मात्र काळी-पांढरी चौकट. आज उरली आहेत ती त्या काळची रंगीत पोस्टकार्डं आणि फोटो.

प्रश्न : मुलगी मातीकाम शिकते. भांड्यावर बोटांचे ठसे राहिले की शिक्षक रागावतात. त्याच व्हिएन्नाच्या वॅली वीझेल्टियरच्या कामात तर ठसे आणि ओघळ सर्रास दिसतात!

उत्तर : वॅली पोवोल्नीचीच विद्यार्थिनी. पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘वीनर वेर्कश्टेटे’ या कलाकार-कारागिरांच्या संस्थेत तिला आणि इतर तरुण स्त्रियांना मोकळेपणानं काम करायला जागा मिळाली. साच्यातून काढलेली नेटकी मूर्ती तिला पुरेना. मातीचा ओला लवचीकपणा भाजल्यावरही दिसावा, म्हणून तिनं बोटांच्या खुणा पुसल्या नाहीत आणि झिलई वाहू दिली. त्या काळी अनेकांनी याला निष्काळजीपणा म्हटलं. मला ते अजिबात पटत नाही. तिच्या स्त्रीमुखांची मान, हनुवटी नीट न्याहाळा, घाट कुठंही ढळलेला नाही. मुलीला सांगा, आधी चाकावर हात बसू दे. मग कोणता ठसा ठेवायचा ते तिचं तिला कळेल.

प्रश्न : व्हिएन्नाला जातोय. कुठं पाहू?

उत्तर : श्टुबेनरिंगवरच्या माक संग्रहालयात. ‘वीनर वेर्कश्टेटे’चं दप्तरही तिथंच आहे. पोवोल्नीची वस्तू विकत घेणार असाल, तर आधी उलटी करून तळ पाहा. तिथं सहसा कार्यशाळेचा शिक्का आणि त्याच्या आद्याक्षरांची खूण असते.