वाचकांचे प्रश्न : आजोबांच्या वर्षाच्या मिस्सेला काय बोलू?

प्रश्न : माझे आजोबा गेल्या नोव्हेंबरात वारले. १९३८ चा जन्म. वसईजवळच्या नंदाखालला आमची केळीची वाडी आहे. आजारपण सोडलं तर पहाटेची मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, त्यांनी कधी चुकवली नाही. आता वर्षाची मिस्सा आहे आणि दोन शब्द मी बोलावेत असं घरच्यांचं म्हणणं. पण 'धार्मिक, कष्टाळू, प्रेमळ' यापुढे पेन सरकत नाही. त्यात बांधाच्या वादावरून ते सख्ख्या धाकट्या भावाशी ११ वर्षं बोलत नव्हते. भाऊ गेले तेव्हाही अबोला तसाच होता. आत्या म्हणते, ते अजिबात काढू नकोस. काय करू?
— एक वाचक, नंदाखाल

उत्तर : ते तीन शब्द सिमेतरीतल्या कुठल्याही क्रुसावर चालतील, म्हणून ते आधी खोडा. तुमच्या हातात त्याहून मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे पहाटेची मिस्सा. तिथूनच सुरुवात करा. ते किती वाजता उठायचे? पायी जायचे की सायकलने? निघण्यापूर्वी वाडीत काय करून जायचे?

माझे आजोबा गासचे. घंटा व्हायच्या आधी ते बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी पाटात सोडायचे आणि मगच देवळाची वाट धरायचे. धोतराचा काठ गुडघ्यापर्यंत ओला. पायाला चिखल, म्हणून बसायचे शेवटच्या बाकावर. पुढे जागा रिकामी असली तरी तिथेच. परत आल्यावर आधी पाट बंद करायचे, मग चहा. त्यांच्या भक्तीविषयी मला कुणी विचारलं तर तो ओला काठच डोळ्यांसमोर येतो. तुमच्याकडेही असं काहीतरी असणार. आजीला विचारा, शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना तर जरूर विचारा.

आणखी एक. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये असायची, म्हणजे तुमच्या आजोबांचं बालपण आणि ऐन तारुण्य त्या भाषेत गेलं. माझ्या आजोबांना 'दोमिनुस वोबिस्कुम' (प्रभू तुमच्याबरोबर असो) या फादरांच्या वाक्याचं उत्तर तोंडपाठ होतं, अर्थ ठाऊक नव्हता. मिस्सा मराठीत आली तेव्हा देव आपल्या घरच्या भाषेत बोलला, असं ते सांगायचे आणि सांगताना दरवेळी डोळे पुसायचे. तुमच्या आजोबांना तो बदल कसा वाटला होता? त्यांच्या वयाची माणसं गावात आहेत तोवर विचारून घ्या.

पॅरिशच्या ऑफिसात बाप्तिस्म्याची नोंदवहीही पाहा. त्यात धर्मबाप-धर्ममायची नावं असतात, लग्नाची नोंदही तिथेच केलेली असते. आजोबांना हातावर घेऊन उभं राहिलेलं माणूस कोण, हे घरात बहुधा कुणाला माहीत नसेल.

आता अबोला. आत्यांची भीती मी समजू शकते. बापाची लाज देवळात निघू नये असं कुठल्याही लेकीला वाटेल. तरी माझं मत स्पष्ट आहे, हे गाळू नका. 'स्वर्गातील बापा' म्हणताना अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ ते रोज म्हणत होते. ११ वर्षं, रोज पहाटे. त्या ओळीपाशी त्यांचं काय होत असेल? माझ्या आजोबांचंही एका चुलतभावाशी वाकडं होतं. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चालायची, तेव्हा बरोबर त्या ओळीला त्यांचा आवाज खाली जायचा. मी लहान होते, मला वाटायचं दम लागला असेल. ज्याला प्रार्थना नुसती पाठ असते, त्याचा आवाज तिथे अडत नाही. तुमच्या आजोबांनी त्या ओळीशी झगडा केला, हेही त्यांच्या श्रद्धेचंच चरित्र आहे.

फक्त बांध कुणाचा, चूक कोणाची, यात शिरू नका. 'भावाशी अबोला होता आणि तो मिटायच्या आत भाऊ गेले,' एवढं एक वाक्य पुरे. त्यानंतर थोडं थांबा.

फादरांना आधी भेटा. प्रवचन ही गुणगानाची जागा नाही. कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) झाल्यानंतरची प्रार्थना झाली की घरच्या माणसाला थोडं बोलता येतं, पण फादरांची संमती लागते. तीन-चार मिनिटं धरा. बाकीचं सगळं लिहून घरी ठेवा, नातवंडांना लागेल.

आणि मिस्सेच्या आधी एकदा धाकट्या आजोबांच्या घरी जाऊन या. ते एक वाक्य तिथल्या माणसांना वाचून दाखवा, म्हणजे देवळात ते अचानक कानावर पडायचं नाही. मग बसा. आजी असतील तर त्यांच्याशी, नसतील तर मुलांशी बोला. दोघे भाऊ एका रहाटावर, एका बावखलात वाढले. तुमच्या आजोबांच्या लहानपणाच्या कितीतरी गोष्टी त्या घरात असतील, ज्या तुमच्या घरात इतकी वर्षं कुणी काढल्याच नाहीत.