कयाकवरून गळ टाकायला शिकायचंय. नाशिकजवळचा गाइड माशाची हमी देत नाही, मग पैसे नेमके कशाचे द्यायचे? पेडलवाली कयाक घ्यावी का?

हमी देत नाही ही तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. माझ्या मते तो गाइड घ्यायला तेवढं एकच कारण पुरे आहे. धरणातल्या माशाची हमी मासेमारीचा ठेका घेतलेली संस्थासुद्धा देऊ शकत नाही, आणि त्यांच्याकडे जाळी असतात.

हा वाद आमच्या घरात जुना आहे, म्हणून लिहायला बसलो. माझे साडू चांदवड तालुक्यातले. रोइंगपटू दत्तू भोकनळ त्यांच्याच तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. तो २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला जाऊन आला तेव्हापासून साडूंना वाटतं, वल्हं आपल्या रक्तातच आहे. (रोइंगमध्ये माणूस पाठीच्या दिशेने पुढे जातो, कयाकमध्ये तोंडाच्या. पण हे त्यांना सांगणार कोण!)

एका मे महिन्यात आम्ही दोघांनी मिळून गाइड घेतला. धरण इगतपुरीच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, का ते गळवाल्यांना कळेल. मुलगा तिथल्याच मासेमाराच्या घरातला, वडील अजून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. साडूंनी गाडीतून नवा रॉड, दोन डबे भरून ल्यूर (म्हणजे खोटी आमिषं) आणि पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारा फिशफाइंडर काढला. पोराने ते सगळं बघितलं आणि विचारलं, "काका, पोहता येतं का? चष्म्याला दोरी आहे का? काही गोळ्या चालू आहेत का?"

मग त्याने आम्हाला छातीभर पाण्यात उतरवून कयाक उलटी करायला लावली. जॅकेट घालून, पुन्हा पुन्हा. उलटी झालेली कयाक आडवी धरायची, पलीकडची कड ओढून सुलटी करायची, पाय मागे पाण्यावर आणून जोरात मारायचे, पोटावर सरपटत वर यायचं, मग कूस बदलून बूड सीटवर आणि शेवटी पाय आत. ऐकायला सोपं आहे. पन्नाशीतल्या, पोट सुटलेल्या माणसाला पहिल्यांदा जमत नाही, आणि ते काठाजवळ कळलेलं बरं. साडू म्हणाले, "अहो, आम्ही मासे धरायला आलोय, आंघोळीला नाही." पोरगा हसला आणि म्हणाला, "अजून एकदा करा, काका."

ऊन उतरल्यावर आम्ही पाण्यात गेलो. मे महिन्यात पाणी मागे सरकलं की काठाला गुडघाभर गाळ उघडा पडतो, त्यात पाय रुतला की चप्पल सोडाच, माणूस अडकतो. त्याने आधीच खडकाळ जागा हेरून ठेवली होती. पाण्यात बुडालेले झाडांचे खुंट कुठे आहेत, जुना बांध कुठे येतो, कोणाची जाळी कुठवर लावलेली आहेत, सगळं पाठ. गवताच्या कडेला मरळ मासा हवा घ्यायला वर आला की पाण्यावर एक गोल उठतो. तो दाखवून म्हणाला, "त्याच्यावर नाही टाकायचं, दोन हात पुढे टाका आणि हळू आणा." एका ठिकाणी पिल्लांचा लालसर थवा पाण्यावर वळवळत होता, साडूंनी लगेच रॉड उचलला. पोराने हात आडवा केला. पिल्लांची राखण करणारी मरळ रागाने कशावरही झडप घालते, आणि ती गेली की पिल्लं इतर माशांच्या पोटात. हे त्याने साडूंना सांगितलं, साडूंनी तोंड वाकडं केलं.

शेवटी साडूंच्या रबरी बेडकावर एक मरळ उसळली, पण गळ बसला नाही. साडू पुन्हा टाकणार तेवढ्यात पोरगा डोंगराकडे बघून म्हणाला, "चला, काठाला."

डोंगरामागे ढग चढत होते, पाऊस लांब होता. वळवाचं हेच असतं, पाऊस यायच्या कितीतरी आधी वाऱ्याचा झोत येतो. साडू म्हणाले, पाच मिनिटं. पोराने साडूंच्या कयाकची दोरी सरळ आपल्या कयाकला बांधली आणि ओढायला लागला. आम्ही काठाला लागलो, वारा आला, मधल्या उघड्या पाण्यावर पांढऱ्या लाटा उठल्या, आणि थोड्या वेळात थांबला. पाऊस पडलाच नाही.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात साडूंचं एकच: "एक थेंब पडला नाही आणि पूर्ण पैसे घेतले!" त्यांनी आपला वाटा दिला नाही, तो मी दिला. आता साडूभाऊ, तुम्हालाच इथे चारचौघांत सांगतो. मासेमारीची कयाक रुंद असते, सीट उंच असतं, वर आपण शिडासारखे बसलेले. ती सहज उलटत नाही, पण वारा खाते. नवशिक्या माणूस शांत पाण्यात तासाला चारेक किलोमीटर जातो. समोरून जोराचा वारा लागला तर जागच्या जागी वल्हवत राहतो. हातात उभा धरलेला कार्बनचा रॉड आणि आकाशात वीज, यावर मी वेगळं काय बोलू? काही झालं नाही, कारण आपण काठावर होतो. पैसे त्याचेच होते.

तर गाइडकडून काय मागावं? मासा कुठे आहे हे दाखवण्यापेक्षा तो तिथेच का आहे, हे सांगायला लावा, म्हणजे पुढच्या वेळी त्याची गरज पडणार नाही. असं सांगायला जो कचरतो तो कामाचा नाही. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, थकून परतताना वारा पाठीशी असतो, हे त्याने न विचारता सांगायला हवं. गोदावरीवरच्या गंगापूर धरणाची भिंत पूर्वेला आहे. तिथे पश्चिमेचा वारा तुम्हाला थेट मनाई असलेल्या भागाकडे ढकलेल. नांगर कयाकच्या कुशीला बांधणारा गाइड दिसला तर गाडी वळवा. नांगर नाकाला किंवा शेपटाला, आणि दोरी एका झटक्यात सुटेल अशी. चाकू आणि पकड जॅकेटलाच हवी. जाळ्याच्या नायलॉनमध्ये अडकल्यावर डबा उघडत बसायला वेळ नसतो. बोटात गळ रुतला तर काय करायचं, हेही त्याला विचाराच.

परवानगीचं त्याला आधी विचारा. बहुतेक धरणांत मासेमारीचा हक्क सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, बोट घालायला पाटबंधारे खात्याचं वेगळं. गंगापूरचं पाणी शहर पितं, तिथे उगाच शहाणपणा नको. नांदूर मध्यमेश्वर तर डोक्यातूनच काढा, ते पक्षी अभयारण्य आहे आणि रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

दर किती, हे मी सांगणार नाही, माणसागणिक बदलतो. पैसे आधी द्या, एवढंच.

फिशफाइंडरची मी वर चेष्टा केली, पण तो अगदीच टाकाऊ नाही. खोल पाण्यात जुनं नदीपात्र आणि खुंट शोधायला चालतो, गवतातल्या मरळीला नाही. हे सगळं गोड्या पाण्याचं झालं. खाडीत भरती-ओहोटी आली की निम्मं गणित बदलतं, तिथे तिथलाच माणूस घ्या.

पायाने चालवायची पेडलवाली आत्ता नको. हात मोकळे राहतात हे खरं, पण वजन वाढतं, खाली लोंबणारं पातं मे महिन्यातल्या उथळ पाण्यात खुंटाला लागतं, आणि घाटातून कयाक टपावर चढवायला दुसरा माणूस लागतो. माझ्याकडे साडू आहेत, तुमचं तुम्ही बघा.