चौतीस हजार कानांचे की डोळ्यांचे?

फोंड्याहून एका वाचकाने विचारलंय: नाट्यसंगीत ऐकायला स्पीकर घ्यायचेत. एक जोडी १८ हजारांची, दुसरी ५२ हजारांची. दुकानात महागडी 'कितीतरी मोकळी' वाटली. १२ महिन्यांचा बिनव्याजी हप्ता आहे, रोखीने ४९ हजार. चवथीआधी घेऊन टाकू का? घरखर्च महिना ३५ हजार, बँकेत ठेव ९० हजार.

हप्ता बिनव्याजी नाही. रोखीने तीन हजार कमी पडतात, तेच व्याज. दर निघतो वर्षाला सुमारे ११ टक्के. कार्डावर घेतलात तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ठेवीला हात लावू नका, ती जेमतेम अडीच महिन्यांच्या खर्चाची आहे.

आता त्या 'मोकळेपणा'कडे येऊ. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली दाखवून दिलं की स्पीकरच्या पेट्या समोर दिसत असल्या की ऐकणाऱ्यांचे गुण बदलतात. मोठ्या, देखण्या पेटीला डोळेच जादा गुण देतात. शिवाय आवाज किंचित जरी मोठा असला तरी तो 'चांगला' वाटतो, आणि दुकानात आवाजाचं बटण कोणाच्या हातात होतं?

दोन्ही जोड्या दोन दिवस घरी मागा. अनामत ठेवावी लागली तरी चालेल. पुढे पातळ सुती साडी टांगा. पेट्या भिंतीपासून सारख्याच अंतरावर ठेवा, नाहीतर खर्ज भिंतच ठरवते. तुम्ही बसता तिथे मोबाइलच्या डेसिबल मीटरने दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. मग मुलाला आतल्या खोलीत नाणं उडवून क्रम ठरवायला सांगा. एकच पद, दहा फेऱ्या, दर फेरीत दोन्ही ऐका आणि आवडलेली कागदावर लिहा. महागडी दहापैकी आठ वेळा जिंकली तर लक्षात घ्या, नुसत्या योगायोगाने आठ किंवा जास्त वेळा जिंकण्याची शक्यता साडेपाच टक्केच. पाच-सहा वेळा जिंकली तर फरक तुमच्या कानाला नाही.

मी स्वतः भावाच्या घरी असं बसलो होतो. सहाव्या फेरीला छातीठोकपणे 'ही महागडीच' म्हणालो. साडी सरकवली तर स्वस्त जोडी. वहिनी अजून चहा देताना ती आठवण काढते!

आठ फेऱ्या जिंकली तरी यंदा नको. महिना चार हजार शंभर बाजूला टाका, वर्षभराने रोखीने घ्या. नाहीतर १८ हजारांची आणा. गळा आणि ऑर्गन ती सहज पेलेल, डग्ग्याचा घुमारा तेवढा थोडा उणा वाटेल. फक्त स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्याभोवतीची कडा रबराची आहे ना, ते बघून घ्या. फोमची कडा आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते.