सॅन फ्रान्सिस्कोला योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या ‘हेच हेची’ दरीचं पाणी मिळवून देण्यात कुणा वकिलाचा हात होता का?

होता, फ्रँकलिन लेन यांचा. १८९९पासून ते शहराचे वकील होते आणि १९०३ साली हेच हेचीच्या पाण्यासाठी शहराची बाजू मांडायला थेट वॉशिंग्टनला गेले. तेव्हा परवानगी मिळाली नाही. पण १९१३मध्ये तेच अमेरिकेच्या केंद्र सरकारात इंटिरियर खात्याचे (सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचे) मंत्री झाले आणि त्याच डिसेंबरात रेकर कायदा होऊन धरणाची वाट मोकळी झाली. पाणी शहरात पोचलं १९३४मध्ये, डोंगरातून उताराने, पंपाशिवाय. लेन १९२१मध्येच वारले होते. मात्र श्रेय एकट्या लेन यांचं नाही: धरण बांधलं अभियंता ओशॉनेसी यांनी. आणि त्यात योसेमिटीतली ती अख्खी दरी बुडाली, हे विसरता येत नाही.