जमलं नाही तर कॉमेंट्री आहेच?

मुलगा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइल गेम चांगला खेळतो, आणि तुम्ही त्याला बजावलंय: "वर्षभरात महिना वीस हजार आणून दाखव, नाहीतर दुकानात बस." रोज जेवताना "आज किती?" असं विचारता, हेही तुम्हीच पत्रात लिहिलंय.

त्याच्या परीक्षेतल्या ५२ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. त्या रोजच्या प्रश्नाची वाटते. असा मुलगा खेळ सुधारत नाही, रात्री तीनपर्यंत स्ट्रीम लावून बघणारे मोजत बसतो. हाच गेम २०२२ च्या जुलैत भारतात बंद झाला आणि २०२३ च्या मेमध्ये परतला. तुमचं वर्ष नेमकं तेव्हा पडलं असतं, तर त्यानं काय आणून दाखवलं असतं? घाईला आलेली मुलं पैसे लावायच्या गेमकडेही वळतात. त्यांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदीच आणली आहे. मुदत मागे घ्या, आणि तसं त्याला तोंडावर सांगा.

आता तुमचं दुसरं वाक्य: "खेळाडू नाही झाला तर कॉमेंटेटर होईल, कोरियाचा क्लाउडटेम्प्लर झालाच ना." हा क्लाउडटेम्प्लर म्हणजे ली ह्युन-वू, 'लीग ऑफ लेजेंड्स' या कॉम्प्युटर गेममधला अझुबू फ्रॉस्ट संघाचा जंगलर, म्हणजे नकाशाभर फिरून सोबत्यांच्या मदतीला जाणारा खेळाडू. २०१२ ची जागतिक अंतिम लढत खेळून, हरून मग तो माइककडे आला. जंगलरला सगळ्या नकाशावर नजर ठेवावी लागते. चकमक कुठे पेटणार हे आधी ओळखायची तीच सवय त्याला विश्लेषणात कामी आली. त्याच्या शेजारी बसणारा जॉन योंग-जून मात्र व्यावसायिक खेळाडू नव्हताच, तो निवेदनातूनच आला. म्हणजे न जमलेल्यांसाठी राखून ठेवलेली खुर्ची इथे कुठेच नाही. एकाकडे वरच्या पातळीचा खेळ होता, दुसऱ्याकडे कमावलेली वाणी.

तुमच्या मुलाकडे काय आहे? पत्रात त्याच्या बोलण्याबद्दल एक अक्षर नाही. जुन्या सामन्याचा व्हिडिओ आवाज बंद करून लावायला सांगा. वीस मिनिटं हिंदीत, वीस मराठीत बोलून रेकॉर्ड करू दे. ऐकताना त्याला स्वतःलाच कंटाळा आला, तर तो विषय तिथेच मिटला. मजा आली, तर कॉलेजांच्या स्पर्धांत फुकट कॉमेंट्री करू दे. बीकॉम मात्र पूर्ण करायचं. बँकेच्या परीक्षा, एमबीए कुठे पळून जात नाहीत.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. तुम्ही वाचू नका.